कुणाला कळलं नाही, असं छापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ब्रिटनमधल्या बालशोषण टोळ्यांच्या राष्ट्रीय चौकशीवरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख भाचीने मिरजेहून फोटो काढून पाठवला, म्हणून उशिरा वाचला. दोन जागी अडखळले. एक, 'हा सारा प्रकार वर्षानुवर्षे अंधारात चालला होता, कुणालाच कळले नाही' हे वाक्य. दुसरी जागा 'टॅक्सीवाल्यांच्या नादी लागलेल्या मुली' ही. यॉर्कशरमधल्या एका लहान गावात औषधाच्या दुकानात मी सत्तावीस वर्षं काउंटरमागे उभी राहिले. ज्यांना कळलं होतं त्यांतली मी एक. म्हणून लिहिते.

कराडला बी. फार्म. झाले होते, पण इथली परीक्षा दिलीच नाही. मुलगी लहान, यांची नोकरी फिरतीची. त्यामुळे अंगात पांढरा कोट असला तरी मी मदतनीसच. फार्मसिस्ट मागे औषधं काढणार, मी पुढे गिऱ्हाईक बघणार.

२००२ सालचा ऑक्टोबर. शनिवारी दुकान बंद करायच्या सुमारास एक मुलगी आली. शाळेचा करडा स्कर्ट, वर पुरुषी जाकीट, बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. तिने आणीबाणीची गर्भनिरोधक गोळी मागितली. ही गोळी इथे २००१ पासून चिठ्ठीशिवाय मिळायला लागली होती, पण सोळा पूर्ण असलेल्यांनाच. मी विचारायच्या आत तिने 'सोळा' म्हटलं आणि पाठोपाठ जन्मतारीख, सालासकट, पाढा म्हणावा तशी. फार्मसिस्ट तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. दाराबाहेर टॅक्सी उभी होती, इंजिन चालू. तिच्यातून एक चाळिशीचा माणूस उतरून आत आला आणि घडी घातलेल्या नोटा काउंटरवर ठेवून उभा राहिला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मुलगी बाहेर आली, जाता जाता स्टँडवरची स्ट्रॉबेरीच्या वासाची लिपबाम उचलली आणि त्याच्याकडे बघितलं. तो 'घे' म्हणाला. माझी मुलगी तेव्हा तेराची होती. तिच्या दप्तरात तीच लिपबाम असायची.

आई दर वर्षी मिरजेहून कालनिर्णय पाठवायची, ते स्वयंपाकघरात टांगलेलं असे. दुधाचा हिशोब लिहायच्या सवयीने त्या रात्री शनिवारच्या चौकोनात मी लिहिलं: 'मुलगी. टॅक्सी.' इथल्या टॅक्सीला मागे परवान्याची पाटी असते, तिचा नंबर मी बिलाच्या कागदावर टिपून आणला होता, तोही लिहिला. दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली. टॅक्सी दुसरी, माणूस दुसरा. तिसऱ्या खेपेला तिच्या मनगटावर पाच बोटांचे वळ होते आणि ती लिपबामच्या स्टँडकडे फिरकलीही नाही.

सोमवारी मी फोन केला. कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही. ज्या बाईने उचलला ती गोड बोलली. मी मुलीचं वर्णन सांगितलं, नंबर सांगितले. ती म्हणाली, 'हो हो, ती आमच्या माहितीतली आहे.' मग जरा थांबून, 'ती स्वतःच जाते त्यांच्याबरोबर. तिने तसं जगायचं ठरवलंय.' मी फोन ठेवला तेव्हा मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते: सुटल्यासारखं वाटलं. त्यांना माहीत आहे म्हणजे कुणीतरी बघतंय. आणि दुसरा विचार असा आला की, बरं बाई, आपली मुलगी तसली नाही. 'नादी लागलेल्या' हे आपल्या लेखकाचे शब्द वाचताना मला म्हणूनच झोंबलं. ते माझ्या मनात चोवीस वर्षांपूर्वी येऊन गेले होते.

'माहितीतली' या शब्दाचा अर्थ मला २०१४ च्या ऑगस्टमध्ये कळला. यॉर्कशरमधल्याच रॉदरहॅम गावाबद्दल प्रोफेसर ॲलेक्सिस जे यांचा अहवाल आला तेव्हा. १९९७ ते २०१३ या सोळा वर्षांत एका मध्यम आकाराच्या गावात सुमारे १४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, आणि हा आकडा हात राखून काढलेला आहे असं अहवालच म्हणतो. त्यांत अकरा वर्षांच्यासुद्धा मुली. हा आकडा आपण छापलात. पण त्याच अहवालात आहे की एक तृतीयांशाहून अधिक मुलांची नावं बालसंरक्षण खात्याच्या फायलींत आधीपासूनच होती. माहितीतली! पोलिस एका पडक्या घरात गेले, तिथे दारू पाजलेली मुलगी आणि तिच्याभोवती पुरुष. अटक झाली ती मुलीला, दारू पिऊन गोंधळ घातला म्हणून. पुरुष सुटले. काही बापांनी पोरीचा माग काढत घर शोधलं आणि तिला बाहेर काढायला गेले, तर बेड्या बापांना.

आणि २००२, २००३, २००६ असे तीन अहवाल त्या गावात त्याआधीच लिहून झाले होते. पहिला दाबला. पुढच्या दोन्हींकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्या मुलींचं ऐकून घेणारी, त्यांच्याशी बोलणारी 'रिस्की बिझनेस' नावाची युवक-केंद्राची एक छोटी तुकडी १९९७ पासून काम करत होती. नावं, गाड्यांचे नंबर, घरांचे पत्ते तिने गोळा करून दिले होते. वरच्यांना ती बाई-माणसं आगाऊ वाटत.

शेजारच्या ग्रेटर मँचेस्टरमधलं रॉचडेल घ्या. तिथल्या सरकारी लैंगिक आरोग्य केंद्रातल्या सारा रोबॉटम यांनी २००५ ते २०११ या काळात १८१ वेळा पोलिसांना आणि समाजकल्याणवाल्यांना लेखी कळवलं. मी एकदा फोन केला होता, या बाईने १८१ वेळा लिहिलं. २००८ साली तिथल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने तक्रारही दिली होती. सरकारी वकिलांनी ठरवलं की ही मुलगी कोर्टात टिकणार नाही, आणि खटला भरलाच नाही. पुढे नझीर अफझल हे मुख्य सरकारी वकील म्हणून आले, त्यांनी तो निर्णय फिरवला आणि २०१२ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. मुलगी तीच होती, साक्षही तीच.

तेव्हा 'अंधारात' म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. आपल्याकडे चौकशी आयोग म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी गुपित शोधून काढणार. इथे गुपित काहीच नव्हतं. कागद होते. तो कागद कुठल्या टेबलावर पोचला आणि तिथल्या माणसाने त्याचं काय केलं, हे शोधायची चौकशी आहे ही.

आता आपल्या लेखातला तो भाग, ज्यावरून आमच्या मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला. मी त्याला बगल देणार नाही. रॉदरहॅममध्ये जे गुन्हेगार माहीत झाले त्यांतले बहुतेक पुरुष पाकिस्तानी वंशाचे होते, आणि ते बोललं तर आपल्याला वंशद्वेष्टे म्हणतील या भीतीने काही अधिकाऱ्यांची जीभ अडली, हे प्रोफेसर जे यांच्या अहवालात आहे. सरकारतर्फे रॉदरहॅम पालिकेची तपासणी केलेल्या बॅरोनेस लुईस केसी यांनी तर एका मुलाखतीत सांगितलं की, जुन्या कागदपत्रांत एका मुलीची फाईल चाळताना 'पाकिस्तानी' या शब्दावर व्हाइटनर फासलेला त्यांना सापडला. मला तो व्हाइटनरचा ब्रश डोळ्यांपुढे दिसतो. कुणीतरी खुर्चीत बसून, ओठ दाबून, शब्दाच्या कडा नीट झाकल्या असतील. मुलीबद्दल लिहिलेलं मात्र जसंच्या तसं ठेवलं. ज्यांनी हे केलं त्यांनी पाकिस्तानी समाजावरही उपकार केले नाहीत. त्या समाजातल्या मुलींचंही शोषण झालं होतं, आणि त्यांना तर तोंड उघडायची सोयच नव्हती.

पण याच केसी बाईंनी जून २०२५ मध्ये देशभराचा जो ताळा काढला त्यात स्पष्ट आहे की दोन तृतीयांश आरोपींच्या बाबतीत वंशाची नोंदच केलेली नाही. म्हणजे 'सगळे तेच' म्हणणाऱ्याकडेही पुरावा नाही आणि 'तसं काही नाही' म्हणणाऱ्याकडेही नाही. इथले पेपर 'एशियन' लिहितात. त्यात आम्हीही आलो. त्या दिवसांत हे कामावरून येताना बसमध्ये एकाने यांना दोन शब्द ऐकवले होते. त्याला आमचं मिरज कुठे आणि पाकिस्तानी लोकांचं मीरपूर कुठे याच्याशी देणंघेणं नव्हतं.

ग्रुपवर मी फक्त कुलाब्याची आठवण दिली. मुंबईत 'अँकरेज' नावाची अनाथ मुलांची निवासगृहं चालवणारे दोघे ब्रिटिशच होते. तिथल्या मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल २००६ साली सत्र न्यायालयाने त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली. २००८ मध्ये उच्च न्यायालयाला मुलांच्या साक्षी भरवशाच्या वाटल्या नाहीत, दोघे सुटले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. रस्त्यावरची पोरं, त्यांचं काय ऐकायचं! रॉचडेलच्या मुलीबद्दल इंग्रजीत म्हणाले ते याहून वेगळं नव्हतं. ग्रुपवर यावर कुणी काही बोललं नाही, एका मावसभावाने सुप्रभातचा गुलाब टाकला.

राष्ट्रीय चौकशीची माहिती आपण दिलीत, त्यात थोडी भर. ही पहिली नव्हे. आधीची मोठी चौकशी २०१४ मध्ये जाहीर झाली. एकामागून एक तीन अध्यक्ष पायउतार झाल्यावर ती याच प्रोफेसर जे यांच्याकडे आली आणि २०२२ च्या ऑक्टोबरात वीस शिफारशींनिशी संपली. खर्च १८ कोटी पौंडांच्या वर. दोन वर्षांनंतरही त्यांतली एकही पुरती अमलात आली नाही, असं त्यांनाच जाहीरपणे म्हणावं लागलं. आताची चौकशी इंग्लंडच्या माजी बाल आयुक्त ॲन लाँगफिल्ड यांच्याकडे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचं नाव जाहीर झालं. मुदत तीन वर्षं, खर्च साडेसहा कोटी. त्याआधी ऑक्टोबरात सल्लागार गटातल्या काही पीडित स्त्रिया उठून गेल्या होत्या, आणि अध्यक्षपदासाठी ज्या दोघांची नावं पुढे होती ते दोघेही मागे सरले. त्यांतल्या एक समाजकल्याण खात्यातून आलेल्या आणि दुसरे पोलिसांतून. ज्या दोन खात्यांनी कागद दाबले त्यांतलेच! यावर त्या स्त्रिया चिडल्या तर नवल नाही. आपल्या लेखात हा 'अंतर्गत वाद' म्हणून एका ओळीत उरकला आहे.

त्या स्त्रिया आता तिशी-चाळिशीच्या आहेत. त्यांतल्या कित्येकींच्या नावावर पोरवयात गुन्हे नोंदले गेले, वेश्याव्यवसायाचे. 'बालवेश्या' हा शब्द इथल्या कायद्यातून २०१५ साली काढला, तोवर तो पुस्तकात होता. हे जुने गुन्हे तपासून पुसावेत, ही केसी बाईंची एक शिफारस. मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाची तीच.

भाचीचं मिरजेत मेडिकल आहे. मी तिला विचारलं, तुझ्या दुकानात अशी मुलगी आली तर? ती म्हणाली, 'मावशी, पोक्सोचं कलम १९ आहे, कळवावंच लागतं, नाहीतर मलाच शिक्षा.' हे बंधन भारतात २०१२ पासून आहे. माझ्यावर इथे ते कधीच नव्हतं. त्याचं विधेयक २०२५ मध्ये आलं. मी तिला पुढे विचारलं, आणि कळवल्यावर? ती हसली. म्हणाली, 'कळवल्यावर काय, पोच घ्यायची आणि जपून ठेवायची.' शहाणी आहे. मी पोच घेतली नव्हती. कुणाशी बोलले त्या बाईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

फोन केल्यानंतरही ती मुलगी येत राहिली. कालनिर्णयची ती पानं मी अजून ठेवली आहेत, २००२ ची तीन आणि २००३ ची दोन. मराठीत लिहिलेले पाच चौकोन आहेत. ती त्यानंतरही आली होती, निदान तीनदा. ते मी लिहिलं नाही. मालक म्हणाले होते, आपण दुकानदार आहोत, आणि मला ते पटलं होतं. चौकशी आमच्या भागात आली तर ती पानं घेऊन जाणार आहे. भाषांतर त्यांनी करून घ्यावं.

तोवर आपल्याकडून दोन दुरुस्त्या हव्यात. 'कुणालाच कळले नाही' हे वाक्य मागे घ्यावं, आणि 'नादी लागलेल्या' या शब्दांबद्दल दिलगिरी छापावी. आतल्या पानावर चार ओळींत छापलीत तरी चालेल.

आपली,
औषधाच्या दुकानातली एक निवृत्त मदतनीस
यॉर्कशर, मूळ गाव मिरज
(नाव व पत्ता स्वतंत्र कागदावर सोबत जोडला आहे. कृपया छापू नये.)