दिनविशेषाचे तीन रकाने

मा. संपादक, स. न.

आपल्या पानावरचे 'दिनविशेष' हे सदर मी नोकरीत असल्यापासून वाचतो. वाचतो म्हणजे काय, रोज सकाळी शाळेच्या फलकावर ते उतरवून काढायचे काम माझ्याकडेच होते. वर घटना, मध्ये जन्म, खाली मृत्यू. मजकूर पांढऱ्या खडूने, साल लाल खडूने. एका 1 ऑगस्टला सातवीतली एक मुलगी फलकासमोर थबकली. वरची, मधली, खालची अशा तीन ओळींवर बोट ठेवत म्हणाली, "सर, साल तिन्हीकडं तेच पडलंय. चुकलं काय?"

चुकले नव्हते. तिन्ही ठिकाणी 1920 च बरोबर होते. इतकी वर्षे लाल खडूने मीच ते साल लिहीत होतो आणि माझ्या ध्यानात आले नव्हते. येणार तरी कसे? अण्णाभाऊ साठे 'जन्म'मध्ये, लोकमान्य टिळक 'मृत्यू'मध्ये आणि असहकार 'घटना'मध्ये!

एरवी या सदरातला योगायोग निव्वळ योगायोगच असतो. 23 जुलै 1856 ला टिळक जन्मले आणि 23 जुलै 1906 ला चंद्रशेखर आझाद. आपण "अरे वा" म्हणतो आणि पान उलटतो. 1 ऑगस्ट 1920 ला मात्र नुसती तारीख जुळलेली नाही, तो दिवसच एक आहे. मुंबईत सरदारगृहात टिळक गेले ते मध्यरात्र उलटल्यावर; तासभर आधी जाते तर 31 जुलैची नोंद झाली असती. असहकाराला त्याच दिवशी सुरुवात करायची, हे आधीच ठरलेले होते. कैसर-ए-हिंद सुवर्णपदक, बोअर युद्धाचे आणि झुलू बंडाच्या वेळचे अशी तिन्ही पदके परत करताना गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना लिहिलेल्या पत्रावर हीच तारीख आहे. त्याच दिवशी भर पावसात त्यांनी टिळकांना खांदाही दिला. पद्मासनात बसवलेला तो देह गिरगाव चौपाटीवर, समुद्राकाठी अग्नीच्या स्वाधीन झाला. आणि इकडे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, एका मातंग कुटुंबात, तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णाभाऊ, जन्मले.

"एक सूर्य मावळला, दुसरा उगवला" हे वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या भाषणात ऐकतो. टाळी हमखास पडते. मला विचाराल तर दोघांमधला धागा सूर्याबिर्यात नाही, गिरणीच्या भोंग्यात आहे. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस या हिशेबाने. गोळीबार झाला, माणसे मेली. दूर बसलेल्या लेनिनलाही त्याची दखल घ्यावीशी वाटली. पुढे बापाबरोबर पायी मुंबई गाठलेले अण्णाभाऊ याच शहरात गिरणीत राबले, लाल बावट्याखाली आले, अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर कलापथक घेऊन कामगारवस्त्यांत डफावर थाप मारू लागले. सामाजिक प्रश्नांवर टिळक आणि अण्णाभाऊ यांची तोंडे दोन दिशांना होती, हे कुणी लपवायचे कारण नाही. मुलांना तेही सांगावे.

आमच्याकडे त्या दिवशी पुण्यतिथीचा फोटो एका चौकात असतो आणि जयंतीचा दुसऱ्या. शिवाय महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होत असल्याने तहसील कचेरीत महसूल दिन. तिन्हीकडचा चहा घेणारे माझ्यासारखे रिकामटेकडे दोन-चारच!

तेव्हा विनंती एवढीच की, येत्या 1 ऑगस्टला त्या एका दिवसापुरते हे तीन रकाने मोडावेत. मजकूर सालाप्रमाणे लावावा आणि 1920 पुढे तिन्ही ओळी एकाखाली एक याव्यात. जागा तेवढीच लागेल. आणि 1908 चा तो संप सुरू झाला 23 जुलैला, टिळकांच्या वाढदिवशी. आपल्या 23 जुलैच्या सदरात तो मला अजून एकदाही सापडलेला नाही.

– एक निवृत्त शिक्षक, कराड