‘सर्पदंशाची लस’ नव्हे, प्रतिविष

माननीय संपादक,

साप चावल्याच्या बातम्यांत ‘लस मिळाली नाही’ असे सर्रास छापून येते. ती लस नाही. लस शरीराला प्रतिपिंडे, म्हणजे विष निकामी करणारी प्रथिने, तयार करायला लावते. प्रतिविषात ती घोड्याच्या रक्तातून काढून आयती मिळतात. हा नुसता शब्दांचा कीस नाही. ‘लस’ म्हटले की दंडावरचे एक इंजेक्शन डोळ्यांपुढे येते. मग सलाइनमधून तासाभरात 10 कुप्या जाताना पाहून नातेवाईक बिचकतात, मुलाला तरी निम्मेच द्या म्हणतात. मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही, मात्रा मोठ्यांइतकीच.

नुसते दात उमटलेत म्हणून मात्र प्रतिविष देऊ नये. विष भिनल्याची खूण हवी: चढती सूज, जड पापण्या किंवा न गोठणारे रक्त. रक्ताची चाचणी अगदी साधी. शिरेतले 2 मिलि रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे, 20 मिनिटे हात लावायचा नाही, मग नळी एकदाच आडवी करायची. रक्त ओघळले तर गोठणे बिघडले. गोठायला चालना देते ती काच. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर धडधाकट माणसाचे रक्तही पातळच दिसते आणि कुप्या फुकट जातात. प्रतिविष दिल्यावर पुढची चाचणी 6 तासांनी. गोठणघटक भरून काढायला यकृताला तेवढा वेळ लागतो.

प्रतिविष देण्याआधी ते त्वचेत थेंबभर टोचून ॲलर्जी पाहण्यात नुसता वेळ जातो, कळत काहीच नाही. त्यापेक्षा तीव्र ॲलर्जीवरचे ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवावे. गांधी उठल्या, धाप लागली की प्रतिविष थांबवून मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यावे.

मण्यारीचे गणित वेगळे. तिचे विष मज्जातंतूंची टोके निकामी करते आणि प्रतिविष फक्त रक्तात फिरणारे विष पकडते. श्वास मंदावल्यावर कुप्या वाढवून भागत नाही, व्हेंटिलेटर लागतो.

विंचवाला सापाचे प्रतिविष चालत नाही. त्याचे वेगळे असते. लाल विंचवाच्या दंशात घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले की हृदयावर ताण आलाय समजावे. त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुळवलेली, रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी आहे: वजनाच्या किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, हातपाय ऊबदार होईपर्यंत दर 3 तासांनी. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जोडीला विंचवाचे प्रतिविष मिळालेले रुग्ण लवकर सावरले. गोळीनंतर रुग्णाला आडवेच ठेवावे. पहिल्या डोसनंतर उठवले तर रक्तदाब एकदम कोसळतो.

– एक वैद्यकीय अधिकारी