पिळलेलं पाणी आणि शेवटच्या ओळीतला रवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत फ्लॉवरच्या बेसवरच्या पिझ्झ्याची पाककृती आली होती. मथळ्यात 'आरोग्यदायी' आणि 'ग्लुटेनविरहित' हे दोन्ही शब्द होते. त्यानंतर मी तो पिझ्झा चार वेळा केला. नुसतं वाचून पत्र लिहायला बसलेली मी नाही. पत्र लांबणार आहे. कापायचंच झालं तर मागून कापा, पण पुढचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

पाककृतीची शेवटची ओळ अशी होती, की ट्रेला तेलाचा हात लावून वर चमचाभर रवा भुरभुरावा, म्हणजे बेस चिकटत नाही. रवा गव्हाचा असतो, आणि गव्हात ग्लुटेन हे प्रथिन असतं. माझ्या नातवाला सीलिअ‍ॅकचा आजार आहे. त्याच्या पोटात ग्लुटेन गेलं, की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. इथे 'चमचाभराने काय होतंय' हे चालत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ज्या पदार्थाला ग्लुटेनविरहित म्हणायचं, त्याच्या एका किलोत ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. चमचाभर रव्यात ते ढोबळमानाने ३०० मिलिग्रॅमच्या घरात असतं. अख्ख्या पिझ्झ्याचं वजन ४०० ग्रॅम धरलं, तरी मर्यादेच्या निदान तीसपट झालं. मथळा वाचून कुणी विश्वासाने घरातल्या अशाच मुलाला हा पिझ्झा खाऊ घातला असेल, तर त्याचं पोट का बिघडलं हे त्या घरात कुणालाच कळणार नाही. आमच्याकडे सुनेच्या नजरेने तो रवा पकडला, म्हणून निभावलं. कृपया दुरुस्ती छापावी. पहिल्या पानावर नको, पण त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी. ट्रेवर बटर पेपर घातला की रव्याचं कामच उरत नाही. फक्त तो भाजणीसाठीचा कागद हवा. मेण लावलेला कागदही दिसायला तसाच असतो, पण ओव्हनमध्ये त्याचं मेण वितळतं.

आता पाण्याविषयी.

मी ३४ वर्षं एका प्रयोगशाळेत सहायक होते आणि त्यातला बराचसा काळ एकच काम केलं: आलेल्या नमुन्यात पाणी किती, ते काढणं. नमुना तोलायचा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा, गार करून पुन्हा तोलायचा, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत हेच करत राहायचं. जे घटलं ते पाणी. काम कंटाळवाणं खरं, पण त्याने नजर कायमची बिघडते. भाजी हातात घेतली की मला आधी तिच्यातलं पाणी दिसतं. फ्लॉवरमध्ये ते सुमारे ९२ टक्के असतं. आपल्या पाककृतीत या पाण्याबद्दल एकच वाक्य होतं: 'वाफवलेला कीस थोडा पिळून घ्यावा.' थोडा म्हणजे किती?

आणि 'मध्यम आकाराचा एक फ्लॉवर' म्हणजे तरी किती? मी तीन गड्डे तोलले, तिन्ही मला मध्यमच वाटत होते. एक ५४० ग्रॅमचा, एक ७८० आणि एक ११५० ग्रॅमचा भरला. यातल्या कुठल्या गड्ड्याला एक अंडं पुरावं?

पहिल्या खेपेला मी पाककृतीवर विसंबले आणि 'थोडं' पिळलं. बेस २०० अंशांवर पंचवीस मिनिटं भाजला. वरून दिसायला छान झाला. ताटात घेतला तर मधोमध बसला, आणि नातवाने विचारलं, "आजी, हा पिझ्झा चमच्याने खायचा का?" खाल्लाही चमच्यानेच. चव वाईट नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

असं का होतं, ते पाककृतीत दोन ओळींत सांगता आलं असतं. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनची जाळी तयार होते, ती बेसला धरून ठेवते. भाजीत तशी जाळी नसते, म्हणून ते काम बाहेरून घातलेल्या अंड्याने आणि चीजने करायचं असतं. पण भोवती पाणी जास्त झालं, की त्यांची पकड बसत नाही. शिवाय पदार्थात ओल आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या वर सरकत नाही, आणि खरपूस रंग यायला तर १४०च्या आसपास जावं लागतं. म्हणजे ओला बेस ओव्हनमध्ये भाजला जात नाही, वाफवला जातो. आच वाढवून उपयोग नाही; कडा करपतात आणि मध्य तसाच राहतो. हेही मी करून पाहिलं.

दुसऱ्या खेपेपासून वजनकाटा काढला. तुरे आणि कोवळा दांडा मिळून ६०० ग्रॅम घेतले. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून तांदळाच्या दाण्याएवढे केले. हा दाणा महत्त्वाचा. त्याहून बारीक झालं तर लगदा होतो आणि पाणी फडक्यातून निघायचं सोडून लगदाच निघतो. जाड राहिलं तर बेस कापताना भुगा होतो. मग झाकण ठेवून मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं. वाफवण्यामागचं कारण मऊपणा हे नव्हे. कच्च्या फ्लॉवरच्या पेशी पाणी धरून बसतात, उष्णतेने त्यांची आवरणं फाटतात आणि मग पाणी सुटतं. (गोठवलेला फ्लॉवर असेल तर हे काम बर्फाच्या कणांनी आधीच केलेलं असतं, तो वितळला की कच्च्यापेक्षा कितीतरी सहज पिळला जातो.) वाफ फार वेळ दिली तर गंधकाचा तो उग्र वास घरभर होतो, म्हणून पाच मिनिटं पुरे.

यानंतरची पायरी पाककृतीत मुळीच नव्हती: ताटात पसरून पूर्ण गार करायचं. गरम गोळा हाताने पिळता येत नाही, आणि भाजेल म्हणून आपण दोन पिळे देऊन सोडून देतो. माझी खात्री आहे की बहुतेकांचे बेस इथेच फसतात. गार झाल्यावर जाड सुती फडक्यात पुरचुंडी बांधून पिळायचं, दोन मिनिटं थांबून पुन्हा पिळायचं, गोळा मोडून फिरवून आणखी एकदा. पहिल्या पिळ्याला १८० ग्रॅम पाणी आलं आणि मला वाटलं, झालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिळ्याला मिळून आणखी ९० निघालं. फडक्यात उरलं २९० ग्रॅम. वाफवताना उडून गेलं ते धरून, ६०० ग्रॅम घेतले तर निम्म्याहून कमी उरायला हवं, हा माझा ठोकताळा. एवढं पिळूनही उरलेल्यात पाणीच जास्त असतं, म्हणून पिळताना दयामाया नको.

पिळलेलं पाणी ओतून देऊ नये. सी जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं, त्यामुळे त्यातलं काही या पाण्यात उतरलेलं असतं. उकळताना ते आणखी कमी होईल हे खरं, पण पोटॅशियमसारखे क्षार कुठे जात नाहीत. मी ते पाणी सूपमध्ये घालते. पाककृतीत भाजीला 'जीवनसत्त्वांचा खजिना' म्हटलं होतं. मग त्यातलं काही मोरीत जातंय, हेही वाचकाला सांगायला नको का?

आता 'आरोग्यदायी' या शब्दाकडे येते. पाककृतीत दोन वाट्या किसलेलं चीज बेसमध्येच घालायला सांगितलं होतं, वरचं वेगळं. माझ्या वाटीने ते १९० ग्रॅम भरलं. मोझरेलाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २८० कॅलरी असतात, म्हणजे नुसत्या त्या चीजच्याच ५३० झाल्या. तेवढ्याच आकाराच्या मैद्याच्या बेसला १५० ग्रॅम मैदा लागतो, त्याच्या साधारण ५४५. मैदा काढला आणि चीज भरलं, हिशेब तिथल्या तिथे! शिवाय चीजबरोबर मीठही आलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवते, आणि या पाककृतीत वर 'चवीपुरतं मीठ' होतंच.

मी चीज ६० ग्रॅमवर आणलं, एक अंडं आणि एक चहाचा चमचा इसबगोल घातला. इसबगोल राहिलेलं पाणी शोषून त्याची जेली करतो, त्यामुळे चीज कमी करूनही बेस सुटत नाही. वरून मीठ घातलं नाही, थोडं मिरं आणि ओरेगॅनो. मिश्रण दहा मिनिटं मुरू दिलं, बटर पेपरवर हाताने थापून पाऊण सेंटिमीटरहून थोडं कमी जाड ठेवलं, काठ किंचित उंच. ओव्हन आधीच २१० अंशांवर तापलेला होता. बावीस मिनिटांनी वरून सोनेरी झाल्यावर दुसरा कागद ठेवून ट्रेसकट पालथा केला आणि आणखी पाच मिनिटं भाजला. हा बेस नातवाने हातात धरून खाल्ला. टोक जरा वाकलं, पण तुटलं नाही.

या बेसच्या कॅलरी माझ्या हिशेबाने ३८०च्या आसपास होतात, म्हणजे मैद्याच्या तुलनेत फरक आहे, पण छाती फुगवावी एवढा नाही. खरा फरक पिष्टमय पदार्थांत आहे. १५० ग्रॅम मैद्यात ते ११४ ग्रॅम, आणि ६०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये तीस ग्रॅम, त्यातही बारा ग्रॅम तंतू. साखर सांभाळणाऱ्या माणसाच्या उपयोगाची गोष्ट ही आहे, आणि नेमकी हीच आपल्या पाककृतीत नव्हती.

चौथी खेप बिनअंड्याची, कारण सुनेची मैत्रीण जेवायला होती. जवसाची पूड एक मोठा चमचा, पाणी तीन मोठे चमचे, दहा मिनिटं भिजवून. बेस झाला, पण नाजूक. पालथा करायच्या भानगडीत पडू नये. मी पडले आणि त्याचे तीन तुकडे झाले. पिझ्झा तसाही कापायचाच असतो, असं मी सगळ्यांना सांगितलं.

बाकीच्या भाज्यांबद्दल थोडक्यात. झुकिनीत पाणी फ्लॉवरहूनही जास्त. तिला किसून मीठ लावून वीस मिनिटं ठेवलं की ते आपण होऊन सुटतं, मग पिळायचं. रताळ्याचा बेस सगळ्यांत सहज धरतो, कारण त्यात भरपूर स्टार्च असतं, पण मग साखर सांभाळणाऱ्याने तो खाण्यात फारसा अर्थ नाही. बीटचा रंग फडक्यातून जात नाही. आणि बेस एवढ्या कष्टाने कोरडा केल्यावर वर पातळ टोमॅटो सॉस आणि कच्चे मश्रूम घालू नयेत. मश्रूमही ९२ टक्के पाणीच. सॉस आटवून घ्यावा, मश्रूम आधी परतून घ्यावेत, आणि पिझ्झा बाहेर काढल्यावर पाच मिनिटं जाळीवर ठेवून मगच कापावा, नाहीतर खालची वाफ परत बेसमध्येच मुरते.

पाककृती लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. रुचकर कल्पना त्यांनी दिली, म्हणूनच मी चार वेळा केली. मागणं एवढंच आहे, की 'मध्यम', 'थोडं' आणि 'वाटी' यांच्या शेजारी ग्रॅम छापावेत. आणि जिथे पिळायचं आहे तिथे पिळण्याआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही वजनं द्यावीत. दोन आकड्यांना पुरवणीत जागा किती लागणार? त्या पाककृतीशेजारी पिझ्झ्याचा फोटो अर्धं पान होता.

आपली,
एक वाचक (निवृत्त प्रयोगशाळा सहायक)

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात काल पाचव्यांदा केला. तुरे ६४० ग्रॅम, पाणी तीन पिळ्यांत २९५. चौथा पिळा देताना फडकं फाटलं.