वरच्या मजल्यावरच्या वहिनींना

वहिनी,

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. त्या रात्री तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. घाबरलेला माणूस आभार कसले मानतो, 'आता काय होईल' एवढंच विचारत बसतो.

माझा सगळा जन्म मुद्रितशोधनात गेला. शुद्धलेखनाच्या गमतीजमती सांगणारं इन्स्टाग्रामवरचं माझं पान, ही निवृत्तीनंतरची एकुलती एक हौस. त्या संध्याकाळी मेल आली : तुमच्या पोस्टमुळे कॉपीराइटचा भंग झाला आहे, 24 तासांत हरकत नोंदवा, नाहीतर खातं कायमचं बंद. फसव्या मेलमध्ये भाषेच्या चुका असतात, असं मी नेहमी ऐकलेलं. म्हणून सवयीने चुका शोधल्या. एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे नव्हता. (खरं सांगतो, लिहिणाऱ्याचं थोडं कौतुकच वाटलं.) मग बटण दाबलं, पासवर्ड दिला आणि फोनवर आलेला सहा आकडी कोडही दिला. पाच मिनिटांत मी माझ्याच पानाच्या बाहेर.

तुम्ही आलात आणि पहिला प्रश्न विचारलात तो 'असं कसं केलंत?' हा नव्हता. 'खात्याचा ईमेल बदलल्याची मेल आली आहे का?' हा होता. मी तर त्यानंतरची एकही मेल उघडायला तयार नव्हतो! तुम्ही आधी पाठवणाऱ्याचा पत्ता तपासलात, ती खरी निघाली, आणि हा बदल आपण केलेला नाही असं कळवायची सोय तिच्यातच होती. खातं परत मिळालं ते त्या मेलमुळे. पुढचं सगळं तुम्ही भराभर उरकलंत : नवा पासवर्ड, बाकीच्या उपकरणांवरून लॉगआउट, चोराने घुसवलेला फोन नंबर काढणं. तोच जुना पासवर्ड मी ईमेललाही ठेवला होता, हे कळल्यावर मात्र तुम्ही कपाळाला हात लावलात.

मग तुम्ही मला ती फसवी मेल पुन्हा वाचायला लावलीत. मजकूर नाही, फक्त पत्ता. पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, खरं काय ते त्यामागच्या पत्त्यात असतं. आणि त्या पत्त्यात, वहिनी, 'इन्स्टाग्राम'मधलं शेवटचं 'एम' नव्हतंच! तिथे 'आर' आणि 'एन' खेटून बसवले होते. ऱ्हस्वदीर्घावरून लोकांना छळणाऱ्या माझ्या नजरेतून ते निसटलं. दुव्याचं नाव मागून वाचायचं, हेही तेव्हाच कळलं. 'इन्स्टाग्राम डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असेल तर घर अमुकतमुकचं, इन्स्टाग्राम ही नुसती दारावर लावलेली पाटी. आणि तो कोड? मी खोट्या पानावर टाकत होतो तेव्हाच पलीकडचा तो खऱ्या पानावर वापरत होता. म्हणून तुम्ही पासकी लावून दिलीत, म्हणजे पासवर्ड टाइप न करता फोनच्याच कुलपाने खातं उघडणारी किल्ली. ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, खोट्या पानावर चालतच नाही. माझ्या नजरेपेक्षा तिच्यावर भरवसा ठेवलेला बरा.

सगळ्यात उपयोगी पडलं ते तुमचं एक वाक्य : 'मेल वाचा, पण तिच्यातल्या दाराने आत जाऊ नका.' आता अशी काही मेल आली की मी ती तशीच ठेवतो, स्वतः ॲप उघडतो आणि सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांनी खरोखर कोणत्या मेल पाठवल्यात ती यादी बघतो. यादीत नसेल तर मेल खोटी धरायची.

मागच्या आठवड्यात 'फेसबुकमेल डॉट कॉम'वरून काहीतरी आलं. असला विचित्र पत्ता फेसबुकचा कसा असेल, म्हणून विजयी मुद्रेने जिना चढून तुमच्याकडे आलो. तुम्ही हसून म्हणालात, 'हा खरंच त्यांचाच आहे.' तेव्हा विद्यार्थी अजून कच्चाच आहे. पण या वेळी काही दाबायच्या आधी विचारायला आलो, याची नोंद घ्यावी.

आणि हो, बॅकअप कोड (फोन हाताशी नसला तरी खातं उघडायला लागणारे) कागदावर लिहून ठेवायला सांगितले होते, लिहिलेत. कागद कुठे ठेवलाय ते इथे सांगत नाही.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा मुद्रितशोधक