‘सॉरी म्हण’ बंद करायला लावणाऱ्या समुपदेशक ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मुलांना दयाळूपणा शिकवायचा म्हटलं की तात्पर्याची गोष्ट ठरलेली. मुलं माना डोलावतात आणि मधल्या सुट्टीत ढकलाढकली पुन्हा सुरू. तुम्ही आम्हा प्राथमिकच्या शिक्षकांना रोजच्या भांडणात वापरता येईल अशी रीत दिलीत, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात कामी येते ती भांडण सोडवायची पद्धत. आधी दोन-तीन मिनिटं काहीच विचारायचं नाही. रागाने धापा टाकणाऱ्या मुलाच्या कानात शब्द शिरत नाहीत. मग दोघांना शेजारी शेजारी बसवायचं. समोरासमोर बसवलं की नजरेला नजर भिडते आणि पुन्हा ठिणगी पडते. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि पहिला ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत पुढे सरकायचं नाही. इथे घाई केली की सगळं फसतं, कारण दुसरा ऐकत नसतो, आपली बाजू जुळवत असतो. ‘का केलंस?’ हा प्रश्न तुम्ही वर्ज्य ठरवलात ते फार बरं झालं. त्याला उत्तर म्हणून सबबच येते. ‘तू वही ओढलीस तेव्हा तिला काय वाटलं असेल?’ असं विचारलं की मूल निदान तिच्या तोंडाकडे बघतं.

आणि ‘सॉरी म्हण’ बंद. जबरदस्तीचं सॉरी म्हणजे सुटकेचं तिकीट. त्याऐवजी भरपाई: फाटलेलं पान चिकटवायचं, पाडलेला मनोरा दोघांनी मिळून रचायचा. तेही वर्गासमोर नाही. चारचौघांत शरमलेलं मूल स्वतःलाच सावरत बसतं. ज्याला दुखावलं त्याचा विचार त्याच्या मनात येणार कुठून?

चांगल्या वागण्याबद्दल चांदण्या चिकटवायचा तक्ता काढून टाका, हा तुमचा सल्ला पचायला सगळ्यात जड. पण वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही तेच दिसलं: मदत केल्यावर खेळणं मिळालेली 20 महिन्यांची बाळं, काहीच न मिळालेल्या बाळांपेक्षा पुढे कमी मदत करू लागली. शाळेतली मुलं तर त्याहून हुशार. बाई बघतायत ना, हे पाहूनच धावतात. चांदणीच्या जागी तुम्ही सुचवलेलं साधं वाक्य पुरतं: ‘तू पट्टी दिलीस म्हणून त्याची आकृती वेळेत पूर्ण झाली.’

चित्रातल्या चेहऱ्यावरून भावना ओळखायच्या तुमच्या चित्रवाचनाला दहा मिनिटं बास. बाकीचं चित्र कागदाने झाकून फक्त चेहरा दाखवायचा, अंदाज घ्यायचे, प्रत्येकाला ‘कशावरून?’ विचारायचं आणि मग कागद सरकवायचा. दुःखी वाटलेल्या मुलाच्या डोळ्यांत नुसता साबण गेलेला असतो. वर्ग हसतो, पण चेहऱ्यावरून बांधलेला अंदाज चुकतो, विचारून घ्यावं लागतं, हे तिथल्या तिथे कळतं. उत्तर शिक्षकानेच आधी फोडलं तर खेळ संपला. सहा-सात वर्षांच्या बऱ्याच मुलांचा सगळा कारभार ‘राग आला’ आणि ‘रडू आलं’ एवढ्यावर चालतो. त्यात आठवड्याला एकच शब्द वाढवायचा, हिरमुसणं, अवघडणं, हेवा वाटणं, ही तुमची मात्रा अचूक आहे. पाच एकदम दिले की ते पाठांतराचे शब्द होतात.

दादागिरीवरचं नाटुकलं मुलांकडून न करवता बाहुल्यांकडून करवा, हेही पटलं. नाहीतर बुजऱ्या मुलाच्या वाट्याला मार खाणारा येतो आणि ती भूमिका पुढे महिनाभर त्याला चिकटते. खरा सराव हवा तो बघ्यांना. ‘थांब’, ‘चल, आमच्यात ये’, ‘बाईंना सांगू या’ ही तीन वाक्यं तोंडात बसेपर्यंत म्हणून घ्यायची. चुगली आणि मदत मागणं यांतला फरक त्याच वेळी सांगून टाकावा.

एक विनंती आहे. काही मुलांना दुसऱ्याचं रडणं सोसतच नाही, तीही रडू लागतात. अशांना आधी पाणी प्यायला पाठवा, मग मदतीचं एखादं छोटं काम द्या, असं तुम्ही सांगितलं होतं. अशा कामांची यादी जमेल तेव्हा पाठवा. सांडलेल्या पेन्सिली गोळा करणं आणि दप्तर जागेवर नेऊन ठेवणं, याच्या पलीकडे अजून काही सुचलेलं नाही.

आपले कृतज्ञ,
प्राथमिक विभागाचे शिक्षक