बाबांचा उपास आणि आईची गाढवी

प्रिय आई, बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

बाबा, आधी रागवून घ्या, मग वाचा. पाळकसाहेबांना मी फोन करून सांगितलंय की यंदा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास तुम्ही धरणार नाही, आणि गुड फ्रायडेला बारा ते तीन पूर्ण बसणार नाही. वधस्तंभावरच्या प्रभूच्या सात उद्गारांपैकी शेवटच्या दोन उद्गारांना तुम्हाला नेतील, दाराजवळच्या खुर्चीवर, कूलरसमोर. जालन्याच्या एप्रिलात तीन तास बाकावर बसणं हे ऑपरेशन झालेल्या गुडघ्याचं काम नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं. विचारलं असतं तर तुम्ही ऐकलंच नसतं.

कारण भक्तीचं नाही, गोळीचं आहे. तुमची शुगरची गोळी, ग्लिमेपिराइड, पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, साखर खाली ओढतेच. गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिलं की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, चिडचिड होते. आणि तुमची चिडचिड आपल्या घरात स्वभाव म्हणून खपून जाते. आई, मशीनवर ७० च्या खाली आकडा दिसला की अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर, १५ मिनिटांनी परत तपासायचं, मग भाकरी. ग्लानी आली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि बाबा, गोळीच बंद करतो असली युक्ती नको, ते डॉक्टर ठरवतील.

आजोबा शेवटपर्यंत उपास धरायचे, हे येणारच तुमच्याकडून. त्यांना शुगर नव्हती. शिवाय हिशेब तुम्हीच करा: उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. सहा रविवार वगळले तेव्हा कुठे ४० होतात. रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नाहीच. म्हणजे एवढ्या कडक काळातही दर आठवड्याला एक दिवस आनंदाचा राखून ठेवलाय. जर्मन मुलखात तर जुन्या काळी ईस्टरच्या प्रवचनात मुद्दाम विनोद सांगत, मरणाची फजिती झाली म्हणून सगळी मंडळी हसायची. आपल्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग काही सोडला नाही. टाळ हातात घेऊन कुणाला तोंड पाडून बसता येतंय का बघा.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने उपास करणाऱ्याला हेच सांगितलंय: तोंड उतरवू नको, डोक्याला तेल लाव, तोंड धू. तेलाचं तुमचं चोख आहे. पण आई म्हणते, ऑपरेशनपासून संध्याकाळच्या प्रार्थनेत ईयोब आणि विलापगीत ही दुःखाची पुस्तकं सोडून काही निघत नाही. मन खचतं हो अशा वेळी, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता मरू दे’ म्हणाला, तेव्हा दूताने त्याला एका शब्दाचा उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा जेवायला घातलं.

मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कुरिअरने येतंय. खुणेच्या पट्ट्या मी घालून दिल्यात, त्याच क्रमाने वाचायचं. रोज १० मिनिटं, बस. पहिली पट्टी गणना या पुस्तकाचा अध्याय २२. देवदूत गाढवीला दिसतो, तिच्यावर बसलेल्या द्रष्ट्या बलामाला दिसत नाही. तीनदा मार खाऊन ती माणसासारखी बोलते, आणि हा दचकायचं सोडून तिच्याशी भांडत बसतो! गाढवीचं आईने वाचायचं, बलामाचं बाबांनी. बाबा, आम्हाला झोपवताना काढायचात तो गाढवीचा आवाज आईला शिकवा. मग योना, चारही अध्याय. योनाने नाशाचा इशारा दिल्यावर निनवे शहरात गुरांनासुद्धा गोणपाट पांघरून उपाशी ठेवतात, आणि सगळं शहर वाचल्यावर योना रुसतो. पुढे प्रेषितांची कृत्ये १२: तुरुंगातल्या पेत्राच्या सुटकेसाठी घरात प्रार्थना चाललीय, पेत्र दारात उभा, रुदा नावाची दासी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते आणि आतले तिलाच वेडी ठरवतात. नंतर अध्याय २०, तरुण युतुख प्रेषित पौलाचं भाषण ऐकता ऐकता पेंगून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडतो. त्याला जिवंत केल्यावर पौल वर जाऊन पुन्हा बोलायला लागतो, ते थेट पहाटेपर्यंत. आपल्या पाळकसाहेबांना हे दाखवू नका.

उपासनेच्या सुरात वाचू नका. हसू आलं तिथे थांबून अर्थही सांगू नका, बाबा, सांगितला की हसू जातं. आणि रडायचं सगळं काढून टाकलंय असं समजू नका. शुक्रवारची पट्टी स्तोत्र १३ वर आहे. सहाच वचनं, ‘किती वेळ’ म्हणून चार वेळा देवाला जाब विचारलाय आणि शेवटी गाणं. नुसतं हसणंही खोटंच वाटतं.

आई, गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू देऊ नकोस त्यांना, पाय सरळ हवा. ईस्टरला मला सुट्टी मिळत नाहीये, त्यानंतरच्या रविवारी येते. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, बाकी काही करू नकोस.

बुधवारी पाळकसाहेब घरी येतील. बाबा, त्यांच्यावर माझा राग काढू नका. आणि आई, त्यांना तुमचा बिनसाखरेचा चहा देऊ नकोस, मागच्या वेळी अर्धा कप तसाच ठेवून गेले होते.

तुमची,
बबी