स्लाइड बघायची कोणी?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला पांढऱ्या पेशींवरचा लेख वाचला. फ्लो सायटोमेट्रीचं, म्हणजे पेशी लेझरने तपासायच्या पद्धतीचं, गुणगान अर्धं पान, शिवाय रंगीत आकृती. काचेवर रक्ताचा थेंब पसरून, लेशमन स्टेनने रंगवून तो मायक्रोस्कोपखाली बघतात, याला मात्र एक ओळही नाही. जागा नसेल. पपईच्या पानांच्या रसाला चौकट द्यायची होती ना!

रक्तात टर्क फ्लुइड (तांबड्या पेशी विरघळवणारा द्राव) घालून चेंबरच्या, म्हणजे मोजणीच्या चौकोन आखलेल्या काचेच्या, चार कोपऱ्यांतल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि पन्नासने गुणायचं, यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. मशीनशी माझं भांडण नाही. डीसीला, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती टक्के ते काढायला, आम्ही शंभर पेशी बघायचो, ते हजारो बघतं. पण मशीनने शंका दाखवली की स्लाइड बघायची असते. ती बघतंय कोण?

माझ्या धाकट्या दिरांचा टीसी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा, 2,600 आला. किमान 4,000 हवा, त्यामुळे घरात सुतकी कळा. एका मोठ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवाल्याने परस्पर फ्लो सायटोमेट्री सुचवली आणि पुतण्याने घाबरून पैसे भरले. त्यात काही निघालं नाही, तेव्हा कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायची बोलणी सुरू झाली. मग रिपोर्ट माझ्याकडे आले. पहिल्याच सीबीसीत (रक्तपेशींच्या साध्या तपासणीत) एमसीव्ही 116, म्हणजे तांबड्या पेशी नको तेवढ्या मोठ्या. स्मिअरच्या, म्हणजे स्लाइडच्या, रकान्यात ‘पांढऱ्या पेशी नॉर्मल’, आणि तळाला ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’. म्हणजे तुमचं तुम्ही बघा!

ओळखीच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे ताज्या रक्ताची स्लाइड करून घेतली. न्यूट्रोफिलच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या, केंद्रकाला एरवी तीन-चार खंड असतात, इथे सहा-सहा. तांबड्या पेशी मोठ्या आणि लंबगोल. बाई म्हणाल्या, आधी बी-12 बघा. भावोजी जन्माचे शाकाहारी, त्यात साखरेसाठी कैक वर्षं मेटफॉर्मिन, आणि त्या गोळीनेही बी-12 उतरतं. तपासणीत ते तळाला गेलेलं निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि टीसी चढला. बोन मॅरोचं नाव पुन्हा निघालं नाही.

ब्लास्ट, म्हणजे अपक्व, पेशी दिसल्या, लिम्फोमाची (एका कर्करोगाची) शंका आली, तर फ्लो करायलाच हवी. पण आधी स्लाइड. आणि टक्के वाचून घाबरवण्याआधी गुणाकार. टीसी 2,400 आणि न्यूट्रोफिल 60 टक्के म्हणजे 1,440. तोच टीसी आणि 20 टक्के म्हणजे 480. न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली असलेल्या माणसाला ताप आला तर पपईचा रस नाही, हॉस्पिटल गाठायचं. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्याचा घसा धरला आणि ताप आला, तर त्याच दिवशी टीसी-डीसी करायचा, हेही लेखात नाही. किवी खा, हे मात्र दोनदा आहे.

लेखाला लागूनच ‘फुल बॉडी’ पॅकेजची जाहिरात होती. योगायोग असेल, मी काही म्हणत नाही. गुलाबी कागदावर राखाडी अक्षरं छापायची कल्पना कोणाची, ते तरी कळवा. आमच्या वयाच्या वाचकांना भिंगाशिवाय पुरवणी वाचता येत नाही.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा